अडीच मीटर

२०१३ सालच्या नोव्हेंबरात, सौदीतल्या खमीस मुशैतच्या एका वसाहतीत वहाब स्वतःच्याच खिडकीबाहेर मोजायची टेप लावत होता. दुसरं टोक मिस्फरने धरलं होतं. वसाहतीच्या कार्यालयात परवानग्या देण्याची वहाबची जागा आता सौदी माणसाला, म्हणजे या तरुण मिस्फरला, जाणार होती; महिनाभरात त्याला शिकवायचं आणि मग गोदामात बदली.

डोंगरावरची थंडी. रॉकेलच्या शेगडीने वहाबच्या बायकोचा, अमिरुन्निसाचा दमा बळावला होता. बिनधुराची ऊब द्या, नाहीतर गावी पाठवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहाबने हीट पंप, म्हणजे खोली गरम करणारं विजेचं यंत्र, विकत आणला. पण त्याचा बाहेरचा पंखा शेजारच्या घरातल्या बायकांच्या खोलीच्या खिडकीपासून तीन मीटर दूर हवा, हा नियम. दुसरी भिंत रस्त्याकडची, तिथे तर बंदीच.

मिस्फरने आकडा वाचला. "अडीच. चाचा, तीन लिहू?"

वहाब टेप गुंडाळू लागला. अकरा वर्षांत वीतभर कमी पडलं म्हणून त्याने कितीजणांना परत पाठवलं होतं. "जेवढं आहे तेवढं लिही."

घरी अमिरुन्निसा पलंगाला टेकून बसली होती.

"तीन लिहिलेत ना?"

"अडीच."

"तुमच्या टेपला माझा दमा दिसत नाय," ती म्हणाली. मग खोकल्यामुळे पुढचं राहून गेलं.

वहाबने शेगडी उचलून दाराबाहेर ठेवली, आणि स्वतःची शाल तिच्या पायांवर टाकली.

चौथ्या दिवशी मिस्फरने वहाबच्याच अर्जाची फाईल त्याच्यापुढे सरकवली. मिस्फरची ती पहिली सही. नामंजूर.

"चाचा, रागावलात?"

वहाबने कागद नीट पाहिला. मग तो परत मिस्फरकडे वळवून रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे कारण लिहायचं असतं. नाहीतर माणूस उगाच हेलपाटे घालत राहतो."

मिस्फर लिहीपर्यंत वहाब उभा राहिला.

अमिरुन्निसा डिसेंबरात दाभोळला सासरी गेली. खाडीच्या हवेत तिला बरं वाटलं. वहाब सहा वर्षं गोदामात काम करत एकटा राहिला, दर दोन वर्षांनी सुट्टीवर जाई. हीट पंप एका शिक्षकाने नेला. मिस्फर कार्यालयाचा प्रमुख झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि अंतर दोन मीटर झालं, ते त्याने आपणहून येऊन वहाबला सांगितलं.

वहाबने ते अमिरुन्निसाला कधीच सांगितलं नाही.