पेटीवाल्याची नजर

बंडूजी प्रफुलवर जळतात हे आंजी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आपण ही गोष्ट फार शिताफीनं झाकून ठेवली आहे असं वाटायचं ते एकट्या बंडूजींना.

जळायला कारणही तसंच होतं. गावच्या भजन मंडळात चौदा वर्षं खंजिरी हातात घेऊन पुढे बसायचे ते बंडूजी. सात वर्षांपूर्वी प्रफुल आला. पस्तिशीतला गडी, आवाज असा मोकळा की त्यानं पहिला सूर लावला की देवळामागच्या कोठ्यातली जनावरंसुद्धा कान टवकारतात, असं लोक सांगायचे. बंडूजी म्हणायचे, जनावरं कान हलवतात ती माश्यांमुळे. पण खंजिरी गेली ती गेलीच. मंडळानं बंडूजींना पेटीवर बसवलं. "तुमच्यासारखी पेटी वाजवणारा पंचक्रोशीत नाई, बंडूजी," असं गोड बोलून बसवलं, आणि गोड बोलून काढलेला काटा जास्त दुखतो.

त्यात पेटीवाल्याचं काम मोठं वाईट. गाणाऱ्याच्या तोंडाकडे सारखं पाहत राहावं लागतं. त्याचं तोंड कधी उघडतं, कुठे मिटतं, श्वास कुठे घेतो, त्यावर आपली बोटं चालवायची. ज्या माणसाचं तोंड पाहू नये असं वाटायचं, त्याचंच तोंड बंडूजी आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास, हातभर अंतरावरून पाहत होते. तेही सात वर्षं.

मंडळाची आणखी एक रीत होती. भजनाला बसण्याआधी खर्ऱ्याची पन्नी फिरायची. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून एकजीव केलेला, पानठेल्यावरचा ताजा खर्रा. त्यातली पहिली चिमूट पुढे बसणाऱ्याची. तो मान होता. प्रफुल आला त्या गुरुवारी पन्नी बंडूजींच्या नाकासमोरून निघाली आणि प्रफुलपाशी जाऊन थांबली. मग ती त्यांच्याकडे आली तेव्हा बंडूजी म्हणाले, "मले नको. सोडला मी." रागाच्या भरात म्हणाले, आणि रागाच्या भरातच खरोखर सोडला. त्यांच्या बायकोनं, जयाबाईंनी, शेजारीपाजारी सांगितलं, "पंचवीस वर्षं मी डोकं फोडून घेतलं, पण ह्यायचा खर्रा सुटला तो त्या प्रफुलच्या पायी." हे बंडूजींच्या कानावर आलं आणि त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

मागच्या दिवाळीपासून प्रफुलनं तिखट सोडलं.

आता आमच्याकडे माणूस एक वेळ घर सोडेल, पण तिखट सोडणार नाही. त्यामुळे गावानं लगेच ओळखलं की प्रफुलनं काहीतरी व्रत धरलं आहे. प्रफुलला कोणी विचारलं की तो नुसता हसायचा. त्यानं तर गावाची खात्रीच पटली. सप्त्याच्या पंगतीत वांग्याच्या भाजीवर बोटभर लालभडक तिखट तर्री तरंगत होती आणि प्रफुलच्या पानावर साधं वरण आणि भात. म्हाताऱ्या मनकर्णाबाई पंगतीतून वाट काढत आल्या आणि त्याच्या पाया पडल्या. "पोराले वैराग्य आलं वो माय!" त्यांच्या मागून आणखी दोघी पडल्या. बंडूजींच्या अंगाचा तिळपापड झाला. खंजिरी घेतली, खर्ऱ्याचा मान घेतला, आता हा माणूस जिवंतपणी संत होऊन बसतो की काय! त्यांनी चिडून दोन वाट्या तर्री जास्त ओरपली आणि त्याचं फळ दुसऱ्या दिवशी सकाळी भोगलं.

पण पंगतीत त्यांची नजर काही हटली नव्हती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात बंडूजींचा हात कोणी धरला नसता. प्रफुल बुंदीचा लाडू फोडून फोडून, कण कण करून तोंडात टाकत होता. पोळीचा घास नखाएवढा. जांभई आली ती अर्ध्यावरच अडली. बंडूजींना वाटलं, नखरे आहेत संतमहाराजांचे.

मग आवाजाचंही तसंच. पूर्वी प्रफुलनं 'आ'कार लावला की तोंड असं उघडायचं की पडजीभ दिसावी. आता सूर निघायचा तो दाताआडून, दबलेला. लोक म्हणाले, "गाण्यात ठेहराव आला." बंडूजी मनात म्हणाले, ठेहराव नाही रे बाबांनो, आटलं ते. एकदा तर गाताना डोक्यावरच्या दिव्याचा उजेड नेमका त्याच्या तोंडात पडला आणि उजव्या गालाच्या आत पांढरटसं काही दिसलं, दुधाच्या सायीसारखं. ते काय आहे याच्याशी बंडूजींना कर्तव्य नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की पुढच्या महिन्यात केळझरला भजनस्पर्धा आहे, जिल्ह्यातली मंडळं येणार आहेत, आणि या माणसाच्याने आता वरचा सूर लागत नाही. ते खुशीत होते. शेतात कापूस वेचणाऱ्या बायांनी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

आणि मग गावच्या शाळेत दाततपासणीचं शिबिर झालं. वर्ध्याहून दाताचे डॉक्टर आले होते. बंडूजी गेले ते दाढ दुखत होती म्हणून, आणि ब्रश फुकट मिळतो असं ऐकलं म्हणूनही. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. "काका, तोंड उघडा. आता तुमचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून आत घाला." बोटं सहज गेली. "छान!" त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपल्याला छान म्हटलं, म्हणून बंडूजींनी विचारलं, "हे कायले पाहता जी?"

त्यांनी भिंतीवरची चित्रं दाखवली. "खर्रा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आखडत जातं. तीन बोटं जात नाहीत. तिखट सोसत नाही, आग होते. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा येतो. एखादी जखम होते आणि दोन आठवडे झाले तरी भरत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी दाखवायला यायचं. प्रत्येकाला कॅन्सर असतो असं नाही. पण असला तर लवकर आलेल्याचं बरं होतं. लोक दुखायला लागेपर्यंत थांबतात, आणि सुरुवातीला ते दुखतच नाही."

बंडूजी त्या चित्राकडे पाहत राहिले. तो उजवा गाल त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या मनात पहिला विचार काय आला हे सांगू नये, पण सांगावं लागेल: केळझर आपलं. दुसरा विचार, प्रफुल जिवाशी जाईल हा, यायला घटकाभर लागला, आणि तो आला तेव्हा फुकटचा ब्रश तिथेच विसरून ते घराकडे निघाले.

घरी येऊन त्यांनी जयाबाईंना सगळं सांगितलं.

"मंग सांगा न त्याले," जयाबाई म्हणाल्या.

"मी सांगू? लोक काय म्हणतीन? बंडूजीच्या पोटात दुखते, म्हणून पोराच्या तोंडाले रोग लावून राह्यले."

"म्हणू द्या. दुखतेच न तुमच्या पोटात."

"त्याच्या बायकोले तू सांग."

"मी काय सांगू? मी पाह्यलं काय त्याचं तोंड? तुमी पाह्यलं."

बंडूजी चार दिवस गप्प बसले. लोक काय म्हणतील हे कारण भक्कम होतं आणि त्याच्या आड त्यांना मोठं सोयीचं वाटत होतं. स्पर्धा होऊन जाऊ दे, मग सांगू. पंधरा-वीस दिवसांनी काय बिघडतं? असं म्हणायचे आणि लगेच त्यांना डॉक्टरीणबाईंचे दोन आठवडे आठवायचे. प्रफुलनं मिरची सोडली त्याला चार महिने होऊन गेले होते.

पाचव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मंडळ जमलं. प्रफुलनं खंजिरी उचलली, एक ओळ म्हटली, आणि वर जाता जाता सूर तुटला. त्यानं पुन्हा म्हटली. पुन्हा तुटला. मग त्यानं खंजिरी खाली ठेवली, दोन्ही हातांनी उचलली आणि बंडूजींपुढे धरली.

"बंडूजी, केळझरले तुमीच बसा पुढं. माह्या गळ्याले काहीतरी झालं. तुमच्याशिवाय कोणाले जमन?"

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! मंडळी "वा, वा" म्हणाली. तबल्यावरच्या तानबानं पन्नीची गाठ सोडली आणि सात वर्षांनी पहिली चिमूट बंडूजींपुढे आली. याच घडीसाठी ते सात वर्षं जळले होते. त्यांनी हात पुढे केला नाही. पन्नी पुढे सरकली. प्रफुलनं चिमूट उचलली, ओठ फाकवले, डोळे बारीक करून कळ सोसली आणि ती उजव्या गालात दाबली. त्याच गालात.

"थुक ते," बंडूजी म्हणाले.

"काऊन?"

"थुक म्हणतो न. अन् तोंड उघड. तीन बोटं उभी घाल आत."

प्रफुलचा चेहरा लाल झाला. "खंजिरी देल्ली न तुमाले? आता तोंडबी तपासता? सात वर्षं झाले बंडूजी, तुमची जळजळ अजून जात नाई काय?"

मंडळी हसली. तानबा म्हणाला, "जाऊ द्या न बंडूजी, आता त देल्ली न त्यानं."

एरवी बंडूजी म्हणाले असते, मी कशाला जळू? सात वर्षं हेच म्हणत आले होते. आज त्यांनी खंजिरी जमिनीवर ठेवली.

"नाई जात," ते म्हणाले. "जळतो मी तुह्यावर. रोज जळतो. तुह्या बायकोनं पाह्यलं नसन इतकं मी तुह्या तोंडाकडं पाह्यलं. तुले वैराग्य नाई आलं प्रफुल. मिरची झोंबते म्हणून सोडली तू. लाडू तू फोडून खातं, कारण आख्खा जात नाई. जांभई पुरी येत नाई तुले. उजव्या गालात पांढरं हाय. अन् हे म्हणतात ठेहराव आला! तोंड उघडून नाई राह्यलं तुहं. ह्यायले कोणाले दिसलं नाई, कारण ह्यायले तू चांगला वाटतं. मले दिसलं. शाळेत डॉक्टरीणबाईनं चित्र दाखवलं, तेच हाय ते. चार दिवस झाले, मी बोललो नाई. केळझर पाह्यजे होतं मले."

प्रफुलनं कोपऱ्यात जाऊन खर्रा थुंकला, चूळ भरली आणि परत येऊन बसला. त्यानं उजव्या हाताची बोटं उभी धरली. पहिलं गेलं. दुसरं दातांना घासत, कसंबसं गेलं. तिसरं बाहेरच राहिलं. त्यानं जोर लावला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण बोट जाईना.

"मले माहीत होतं काही तरी हाय," तो हळूच म्हणाला. "सांगणारच होतो घरी. पण मनकर्णाबाई पाया पडल्या, मंग बाकीचे पडू लागले. मंग कोण्या तोंडानं सांगू, का व्रत नाई, आग होते म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडूजींनी त्याला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गालाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी निकालाला बोलावलं तेव्हा प्रफुलची बायको वर्षालीही आली. ते दहा दिवस बंडूजींना पेटीसुद्धा गोड लागली नाही.

डॉक्टर म्हणाले, "एका जागी कॅन्सरची सुरुवात आहे. पण लहान आहे, पसरलेलं दिसत नाही. ऑपरेशन करून काढू. तोंड आखडलंय त्यासाठी रोज व्यायाम, आणि खर्रा कायमचा बंद. फार वेळेवर आलात. घरात कोणाच्या लक्षात आलं?"

वर्षालीनं मान खाली घातली. प्रफुलनं बंडूजींकडे बोट केलं. "हे आमचे पेटीवाले. जळतात माह्यावर."

डॉक्टरांना काही समजलं नाही. बंडूजींनी घाईनं विचारलं, "मंग याले गाता येईन काय साहेब?"

"व्यायाम केला, नियमित तपासायला आले, तर येईल. वर्षभर लागेल."

बंडूजींचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडतो न पडतो तोच आतून जुनी कळ आली: येईल गाता, म्हणजे खंजिरी परत जाईल. या कळेची त्यांना लाज वाटली, पण ती गेली नाही. ही आता आपल्याबरोबर सरणावरच जाणार, असं त्यांनी मनाशी कबूल केलं.

बाहेर येऊन वर्षाली औषधं आणायला गेली. दोघं बाकावर बसले.

"केळझरले मीच बसीन पुढं," बंडूजी म्हणाले. "वर्षभर कोणाले हात लावू देणार नाई खंजिरीले. अन् तू बरा होऊन आला तरी सुखासुखी देणार नाई, आताच सांगून ठेवतो. तुले जळाचं त जळ."

प्रफुल जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडून म्हणाला, "जळून राह्यलो बंडूजी. आतापासूनच."

सात वर्षांत प्रफुलच्या तोंडून निघालेलं बंडूजींना मनापासून आवडलं असं हे पहिलंच वाक्य होतं.