स्लाइडवर नसलेला डाग

वर्गात तिला सगळे ढापणी म्हणत. चष्म्याच्या काचा एवढ्या जाड की जीवशास्त्राच्या बाईसुद्धा एकदा हसून म्हणाल्या होत्या, "पोरी, हा चष्मा आहे की दुर्बीण?" नववीत येईपर्यंत तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट प्रयोगाचा तास तिचा सगळ्यात लाडका, कारण मायक्रोस्कोपपुढे चष्मा काढून बसता यायचं. एरवी चष्म्याशिवाय समोरच्याचं नाक कुठे नि तोंड कुठे कळायची मारामार. पण इथे स्क्रू जरा फिरवला की पेशीची भिंतसुद्धा लख्ख दिसायची.

त्या दिवशी कांद्याच्या पेशी बघायच्या होत्या. ढापणीने फोडीच्या आतला पापुद्रा चिमट्याने अलगद सोलला, काचपट्टीवरच्या थेंबात पसरला, आयोडिन टाकलं आणि वरची पातळ काच तिरकी टेकवत हळूच सोडली.

"सुगरण आहेस हो," शेजारी बसलेली तिची मैत्रीण चिमणी डोळे पुसत म्हणाली. "माझा पापुद्रा बघ, गोधडीसारखा झालाय."

ढापणी हसली आणि उजवा डोळा लावला. विटांच्या भिंतीसारख्या पिवळसर पेशी एकीला एक चिकटून बसल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीत एक गडद ठिपका होता, पेशीचं केंद्रक. पण त्या सगळ्यावरून एक काळं जाळं तरंगत होतं. काजळीचे कण अडकलेल्या कोळिष्टकासारखं. तिने नजर वळवली की ते सरकायचं, नजर थांबली की संथपणे परत यायचं.

दिसलं ते काढायचं, अशी बाईंची शिस्त. म्हणून तिने वहीत पेशींवर जाळंही काढलं.

बाई मागून डोकावल्या. "अगं, हे काय? पेशीत कोळी शिरला की काय?"

वर्ग खिदळला. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हसू नका, सगळ्यांनाच उपयोगी पडेल. घाण कुठे आहे ते शोधायची एक युक्ती असते. स्लाइड सरकवायची, घाणही सरकली तर ती स्लाइडवर. नाहीतर वरचं भिंग गोल फिरवायचं. घाण फिरली तर ती भिंगावर. हं, कर बघू."

तिने स्लाइड सरकवली. पेशी गेल्या, जाळं राहिलं. भिंग फिरवलं. जाळं होतं तसंच.

बाईंनी स्वतः वाकून पाहिलं. "मला तर काहीच दिसत नाही. तू दुसऱ्या डोळ्याने बघ."

तिने डावा डोळा लावला. पेशी स्वच्छ होत्या, धुऊन मांडल्यासारख्या.

म्हणजे जाळं तिच्या उजव्या डोळ्यातच होतं. घरी आत्या होती. आत्याचाही चष्मा असाच जाड. तिचा एक डोळा कधीच गेला होता आणि दुसऱ्याने तिला जेमतेम उजेड कळायचा. आत्याचं कसं सुरू झालं होतं ते घरात बोलताना तिने ऐकलं होतं: आधी माश्या उडाल्यासारखं, मग विजा चमकल्यासारखं. कालपासून ढापणीच्याही डोळ्याच्या कडेला मधूनच उजेडाची रेघ लखलखत होती. झोप कमी झाली असेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

"काय गं, दिसतंय का अजून?" बाईंनी विचारलं.

खरं बोलावं तर ते खरंच होऊन बसेल, असं तिला वाटलं.

"नाही बाई. स्लाइडवरच होतं बहुतेक."

"बरं. मग खोडून टाक ते," म्हणत बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या.

तिने रबराने जाळं खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं.

शाळा सुटल्यावर चिमणी अखंड बडबडत होती. ढापणी नुसती हूं हूं करत एकेक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचत होती. डाव्याने सगळी पाटी दिसे. उजव्याने बघितलं की नाकाच्या बाजूने, खालून, एक काळी सावली वर आलेली दिसे. आधी तिला वाटलं, चष्म्याची चौकट. तिने चष्मा काढला. सावली गेली नाही. कोपऱ्यावर ती फक्त फुटपाथची कड खात होती; घराच्या फाटकापाशी पोचेपर्यंत तिने फाटकाची कडीही गिळली.

"तुझं तोंड का उतरलंय?" चिमणीने विचारलं.

"काही नाही. भूक लागलीय." एवढं म्हणून ती आत पळाली.

आई-बाबा कामावरून यायचे होते. आत्या पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बोटांनी शिवण चाचपायची, बाही ओळखायची, मग घडी. ढापणी दारातच थबकली. कपड्यांवर फिरणारी ती बोटं रोजचीच होती, पण आज तिला ती स्वतःची वाटली.

"कोण, तू? अशी श्वास कोंडून का उभी आहेस?" आत्या म्हणाली.

"आत्या..." ती म्हणाली. मग एकदम बांध फुटला. "आत्या, माझ्या डोळ्यात काळं येतंय. वर वर चढतंय गं!"

आत्याच्या हातातला सदरा खाली पडला. "कधीपासून?"

"डाग सकाळी दिसला. सावली आत्ता, वाटेत. आईला सांगू नकोस ना. उद्यापर्यंत जाईल कदाचित."

"जात नाही ते!" आत्या कधी ओरडत नसे; ती ओरडली. चाचपडत तिने ढापणीचं मनगट पकडलं. "मीही जाईल जाईल म्हणत गप्प बसले होते. भीतीने, बाळा. दुसरं काही नाही. फोन दे इकडे, आधी तुझ्या बापाला लाव."

बाबा तासाभरात आले आणि तिला घेऊन थेट दवाखान्यात गेले. तिथे डोळ्यांत थेंब घातले, सगळं धूसर झालं. कपाळावर दिवा बांधलेल्या डॉक्टरीणबाई, "वर बघ, खाली बघ, आता नाकाकडे," म्हणत किती तरी वेळ पाहत राहिल्या.

"डोळ्याच्या मागचा पडदा फाटलाय आणि सुटायला लागलाय," शेवटी त्या बाबांना म्हणाल्या. "मधला भाग अजून चिकटून आहे, हे नशीब. तो सुटायच्या आत ऑपरेशन करायला हवं. उद्या सकाळीच."

"दिसेल ना मला?" ढापणीने विचारलं.

"प्रयत्न करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हो म्हटलं नाही, हे तिच्या बरोबर लक्षात आलं.

ऑपरेशननंतर डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता, म्हणून तिला दिवसरात्र पालथं पडून राहावं लागलं. उशीत तोंड खुपसून ती अंधारात वाट बघायची आणि दर वेळी तिला वाटायचं, हाच अंधार आता कायमचा. आत्या जमिनीवर बसून तिच्या पाठीवर हात फिरवायची. तीही भ्यालेली आहे, हे त्या हातावरून कळायचं. दोघी एकमेकींना धीर देत होत्या आणि दोघींकडेही तो नव्हता.

बुडबुडा हळूहळू विरला. आधी वरच्या बाजूला उजेडाची पट्टी आली, खाली पाण्याच्या रेषेसारखं काहीतरी हिंदकळत राहिलं. मग एका सकाळी तिला आईच्या कपाळावरची आठी दिसली. उजव्या डोळ्याने. आठी थोडी वाकडी दिसत होती, पण दिसत होती.

"आई, तू किती काळजी करतेस गं," ती म्हणाली आणि आईला हुंदका आवरेना.

डोळा वाचला. खालच्या कोपऱ्यातला तुकडा तेवढा परत आला नाही. जिना उतरताना आता ती कठड्याला धरते. डाव्या डोळ्याच्या पडद्यातही एक नाजूक जागा सापडली होती, ती लेझरने पक्की केली आहे. तरीही रोज उठल्याबरोबर ती एकेक डोळा झाकून भिंत बघते, आणि भिंत सबंध दिसेपर्यंत श्वास सोडत नाही.