विहिरीपर्यंत आलेला निळा पट्टा

काशी गेल्याचं मला विहिरीवर कळलं. मी पंप चालू करत होतो. दवाखान्यातून मुलाचा, केतनचा, फोन आला. "बाबा, आई गेली." टाकी भरून वाहायला लागली तरी मी तिथेच उभा होतो.

दोन वर्षं तिच्या किडन्या खराब होत गेल्या. डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असू शकतात.

तीन महिन्यांनी कॉलेजातल्या रंजिता मॅडम आल्या. गावामागच्या कंपनीचं सांडपाणी जमिनीत कुठवर मुरलंय ते त्यांना बघायचं होतं. कंपनीच्या भिंतीपासून खाडीपर्यंत त्यांनी एका रेषेत लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायर जोडली आणि बॅटरीचा करंट सोडला. कोरड्या मातीत करंट नीट जात नव्हता, म्हणून मी खुंट्यांच्या मुळाशी पाणी ओतत होतो.

शेजारचा देवजी म्हणाला, "मॅडम, सोनं लागला तं आमाला पन सांगा."

"लागलं तर निम्मं माझं, काका."

दुपारी त्यांनी लॅपटॉपवर चित्र दाखवलं. करंट जिथून सहज जातो तिथे निळा रंग; खाऱ्या किंवा घाण पाण्यातून तो सहज जातो. खाडीकडे निळं होतं, ते खारं पाणी. दुसरा निळा पट्टा कंपनीच्या भिंतीखालून निघून आमच्या विहिरीपर्यंत आला होता.

"म्हंजे विहिरीत घान हाय?" मी विचारलं.

"तसं दिसतंय, काका. पण घाण कसली ते यातून कळत नाही. पाणी तपासावं लागेल." त्यांनी रिकामी बाटली पुढे केली. "आत्ता भरून देता?"

"उद्या देतो," मी म्हणालो.

पाच वर्षांपूर्वी काशी म्हणाली होती, "या पान्याला वास येतो. नलाचा पानी पिऊ."

मी म्हणालो, "माझ्या बापानं खनलेली विहीर हाय. तुझ्या माहेरी विहीर नव्हती, म्हनून तुला वास येतो."

तिने पुन्हा विषय काढला नाही. मी दिवसभर कामावर, ती घरी. ते पाणी तीच जास्त प्यायली.

मॅडम गेल्यावर पंपाची वायर मी काढली. विहिरीचं पाणी वापरणाऱ्या आमच्या भाडेकरूंच्या खोल्यांना नळ जोडून दिला. मॅडमचे चार फोन आले. केतन विचारतो, "बाबा, पाणी तपासायला भिता कशाला?" काशीचं आणि माझं ते बोलणं त्याला माहीत नाही.

विहिरीचं पाणी मी अजून तपासायला दिलेलं नाही.