एकाच मापाच्या फाइली

जावई आपल्याच संगणक खात्यात नोकरीला नको, हे मी लेकीला हजारदा सांगितलं होतं. पण इस्पितळाच्या साहेबांना तोच पसंत पडला, आणि आल्या आल्या त्याने हात घातला तो माझ्या पॅकिंगला, म्हणजे आकडे फाइलीत भरण्याच्या पद्धतीला.

आमचे हे छातीला पट्टा बांधतात. तो त्यांच्या काळजाचे आकडे दिवसभर टिपतो आणि त्यांची एक फाइल आमच्या खात्यात पाठवतो. माझ्या पद्धतीत प्रत्येक आकड्याबरोबर त्याची चिठ्ठी जायची, की मी अमुक मापाचा. लहान आकडा एका बाइटमध्ये मावायचा, मोठ्याला तीन लागायचे. जावईबापूंनी चिठ्ठ्याच उडवल्या. सुरुवातीला एकच ठेवली: पुढचे सगळे आकडे दोन बाइटचे, आणि इतके आहेत. मग नुसते आकडे. पट्ट्याची बॅटरी जास्त टिकू लागली, साहेब खूश.

मी नाही. रोजची फाइल अगदी तेवढीच, एका बाइटचाही फरक नाही. पद्धतच तशी हे मला कळत होतं, तरी मन मानेना. सोमवारी डॉक्टर याच नोंदींवरून ऑपरेशनचं ठरवणार होते, आणि महिनाभरात दुखल्याची एकही खूण नव्हती. दोन पायऱ्यांवर धाप लागणाऱ्या माणसाचं काळीज एवढं शहाणं? कुठेतरी पाणी मुरत होतं. जागा वाचवण्याच्या नादात यानेच काही गाळलं असणार, असं मी धरून चालले.

जेवणाच्या सुट्टीत दाराला कडी लावून फाइल उघडली. आकडे मोजले तर एकही कमी नाही. माझा जरा हिरमोडच झाला. मग चार वाजून दहा मिनिटांच्या पुढे शून्यं लागली. शून्य, शून्य, अर्धा तास नुसती शून्यं. आदल्या दिवशीही तसंच, त्याच्या आदल्या दिवशीही.

मी तशीच उठून त्याच्या टेबलाशी गेले आणि चांगलं फैलावर घेतलं. त्याने ऐकून घेतलं. माझ्या काळातल्या जुन्या फाइली त्याने समोर उघडल्या. त्यातही चार वाजता शून्यं होती.

"आई, ते रोज पट्टा काढतात," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लपवताय. तुमच्या पद्धतीत तर शून्याला एकच बाइट, म्हणून त्या दिवशी फाइलच लहान यायची."

यायची खरी. फाइल लहान आली की मी स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावणेचारला रजा टाकून घरी निघाले. पट्टा न्हाणीघरात खुंटीला लटकत होता; तो घेऊन मी त्यांना शोधत जिन्यात आले. हे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पायरीवर बसले होते, छातीवर हात, कपाळावर घाम. वर चढून बघतो रोज, म्हणाले, आज कुठवर जमतंय ते. आधी चौथ्यापर्यंत जायचे.

"हे डॉक्टरांना दिसलं तर ते कापतील मला," ते म्हणाले.

मला इतका राग आला होता, आणि भीती त्याहून जास्त. मी इस्पितळात फोन लावून गाडी बोलावली. मग त्यांच्या शेजारी बसून शर्टाची बटणं काढली आणि पट्टा आवळून बांधला. त्यांनी नको नको केलं, पण माझा हात काही बाजूला सारला नाही.