मागच्यांसाठी वाजणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. पण मला देवळात शोधू नका. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका शहराच्या सार्वजनिक गोल्फ मैदानावर, टेकडीच्या पलीकडे, एका खांबाला मी टांगलेली आहे. टेकडीअलीकडच्या खेळाडूंना पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून पुढच्यांनी खेळून निघताना मला वाजवायचं. मग मागच्यांना कळतं, की वाट मोकळी झाली, आता खुशाल चेंडू मारा. एवढंच माझं काम, पण ते मी ऊनपावसात चोख केलं आहे.

मैदान नावालाच सार्वजनिक होतं. कितीतरी वर्षं इथे फक्त गोरे लोक खेळत. कृष्णवर्णीयांनी त्यांच्या पिशव्या वाहायच्या आणि गवत कापायचं. कर भरायला मात्र सगळे सारखे! अखेर काही जणांनी कोर्टात धाव घेतली आणि फाटक सगळ्यांना उघडलं. त्यानंतर ओटिस नावाचे एक कृष्णवर्णीय शिक्षक खेळायला आले. त्यांच्या पुढचे गोरे खेळाडू मला न वाजवताच निघून गेले. मला फार लाज वाटली. ओटिस खाली ताटकळले. मग टेकडी चढून आले, वाट मोकळी असल्याचं पाहिलं, परत खाली गेले आणि खेळले. निघताना मात्र त्यांनी मागच्या गोऱ्यांसाठी मला खणखणीत वाजवलं. दर रविवारी हेच चाललं. त्यांच्या चिकाटीपुढे शेवटी पुढच्यांचेही हात माझ्या दोरीकडे वळले.

ओटिस आता नाहीत. त्यांचे चिरंजीव वेन्डेल, स्वतःच आजोबा झालेले, इथे खेळतात. गेल्या शनिवारी त्यांच्याबरोबर सुलेखाकाकू पहिल्यांदाच खेळायला आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, निवृत्त डॉक्टर. सोबत त्यांचा पुतण्या अंकुर होता. काकूंनी मला पाहिलं आणि सवयीने आल्या आल्याच टण्णकन वाजवलं! मागच्यांनी लगेच चेंडू मारला आणि तो काकूंच्या पायाशी आदळला.

"अहो काकू, हे मंदिर नाहीये! तुम्ही त्यांना ऑल क्लिअर दिलंत!" अंकुर ओरडला.

हे पाहून मैदानाचे व्यवस्थापक पाना घेऊन आले. "ही काढूनच टाकतो. आता खेळाडूंच्या गाड्यांवर स्क्रीन असतात, पुढे कोण आहे ते त्यावरच दिसतं," ते म्हणाले.

काकू पुढे झाल्या. "चूक माझी आहे. घंटेला कशाला शिक्षा?"

वेन्डेलनी माझा खांब घट्ट धरला. "माझ्या वडिलांसाठी ही कुणी वाजवत नव्हतं. आता सगळ्यांसाठी वाजते, तर काढताय?"

व्यवस्थापकांनी पाना खिशात घातला आणि ते परत गेले.

काकूंनी आपला चेंडू खळग्यात घातला आणि माझी दोरी धरली. "आता वाजवू?"

"आता वाजवा, डॉक्टर," वेन्डेल हसले.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत केलं नाहीत तरी चालेल, पण माझी दोरी जपा. आणि कुठेही पुढे निघालात, तर मागे कुणीतरी ताटकळलं आहे हे विसरू नका. ते कोण आहेत, हे विचारत बसू नका. घंटा वाजवा.