दोन बोरू तासणारा चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. पण मला भाजी चिरणारा समजू नका. माझा जन्म भूमच्या लोहाराकडे झाला आणि उमेदीची वर्षं कळंबला लिहिण्याचे बोरू तासण्यात गेली. माझे मालक महांतप्पा धान्याचे व्यापारी. त्यांचे दोस्त गौसोद्दीन शाळेत उर्दूचे मास्तर. महांतप्पा मला नुसता चाकू म्हणत, गौससाब कलमतराश, म्हणजे लेखणी तासणारा, म्हणत. मला अर्थातच दुसरं नाव आवडायचं.

दोघंही गोष्टी लिहीत. निजामाच्या राज्यात शुक्रवारी शाळेला सुट्टी. त्या दुपारी दुकानाच्या ओसरीवर ते एकमेकांना वाचून दाखवत. महांतप्पांच्या घरात कानडी, बाजारात मराठी, शिक्षण चौथीपर्यंत. बैलाचं वर्णन करायला बसले की ते बैलाच्या आजीपर्यंत पोचत. गौससाब हैदराबादेत शिकलेले, एकटे राहणारे. सकाळभर बसून तीन ओळी लिहायचे आणि त्यांतली एक खोडायचे.

"तुमी लई पाणी घालता, महांतप्पा."

"आन् तुमी मानसाला तहानलेलं ठेवता, गौससाब!"

अशी चेष्टा करता करता महांतप्पांची वाक्यं आटोपशीर झाली आणि गौससाबांच्या गोष्टीतली माणसं पोटभर बोलू लागली. मग दोघांनी मिळून बाजाराच्या गोष्टी रचल्या. त्या महांतप्पांनी मराठीत उतरवल्या, आणि वहीच्या पहिल्या पानावर दोघांनी आपापल्या लिपीत नाव घातलं. ते दोन्ही बोरू मीच तासले होते. मला फार अभिमान वाटला.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. जो तो दुसऱ्याकडे संशयानं पाहू लागला. वहीतलं गौससाबांचं उर्दूतलं नाव कुणी पाहिलं तर आपली धडगत नाही, या धास्तीनं महांतप्पांनी मला हातात घेतलं. चुकलेलं अक्षर खरवडण्याचं कामही माझंच असे. त्या दिवशी मी बरोबर लिहिलेलं नाव खरवडलं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. झडतीही आली नाही.

चार दिवसांनी गौससाब निरोप घ्यायला आले. ते भावाकडे हैदराबादला चालले होते.

"वही एकडाव बघू द्या."

महांतप्पांना नाही म्हणता येईना. गौससाबांनी पहिलं पान उघडलं, रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

"कागद फाटू दिला न्हाय तुमी," ते म्हणाले. "हात लई हलका हाय तुमचा."

'चुकलो' एवढं म्हणायलाही महांतप्पा उठले नाहीत, आणि गौससाब गेले.

संध्याकाळी महांतप्पांनी मला शोधून काढलं, नवा बोरू तासला आणि त्याच जागी मित्राचं नाव पुन्हा लिहायला घेतलं. पण खरवडलेल्या कागदावर शाई फुटते. अक्षरं पसरली, एकमेकांत मिसळली आणि नावाच्या जागी काळा डाग उरला. त्यानंतर महांतप्पांनी गोष्ट लिहिली नाही.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एवढंच करा, मित्र दारात उभा आहे तोवर त्याची माफी मागा.