डाव्या हाताचा जप

मणीकाकांच्या नाकावर माशी बसत नसे. तशी ती बसू नये असा त्यांचा हक्कच होता. चाळीस वर्षं ते माळा ओवत होते, आणि गाठ सुटली म्हणून एकही माळ त्यांच्याकडे परत आलेली नव्हती. मणी झिजून आले, दोरा काळा पडून आला, एकदा कुणाच्या कुत्र्यानं अर्धी माळ चावली तीही आली. पण गाठ सुटली अशी तक्रार घेऊन त्यांच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. ही गोष्ट काका गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. जुनं गिऱ्हाईक असलं तरी सांगत.

दुकान म्हणजे एक खोली. खिडकीखाली उतरतं मेज, त्यावर खाचा पाडलेली लांब फळी, मेणाचा गोळा, रेशमी दोऱ्याची रिळं आणि तारेच्या सुया. भिंतीला लाकडी कप्पे, आणि कप्प्यांत मणी: लाकडाचे, बियांचे, काचेचे, हाडाचे. एकशेआठ मण्यांची आणि वर मेरुमणी असलेली जपमाळ तिथं व्हायची, तेहतीस-तेहतीसचे तीन भाग पाडलेली मुसलमानांची तसबीह व्हायची, दहा-दहाच्या पाच ओळींची आणि मध्ये एकेक सुटा मोठा मणी असलेली ख्रिस्ती लोकांची रोझरी व्हायची. कुणी म्हातारा संन्यासी मण्यांऐवजी नुसत्या लोकरी गाठींची दोरी मागायचा, तीही व्हायची. कुणाचा मणी कुठल्या बोटावरून सरकतो, मेरू ओलांडायचा की माळ उलटी फिरवायची, कुणी तर्जनी लावत नाही, कुणी तर्जनीशिवाय धरतच नाही, हे काकांना तोंडपाठ. देव भावाचा भुकेला असेल, ते म्हणत, पण भक्ताचं बोट फार चिकित्सक असतं.

त्यांची लेक मोठ्या इस्पितळात सिस्टर होती. बापावर तिची माया होती, पण त्याच्या धंद्याविषयी बाहेर ती फारसं बोलत नसे. लहानपणापासून एकच प्रश्न तिच्या वाट्याला आला होता: "तुमच्याकडे सगळ्यांच्याच माळा, मग तुम्ही नक्की कुणाचे?" काका या प्रश्नाला हसायचे. तिला हसू येत नसे. इस्पितळात तिनं सांगून ठेवलं होतं की वडिलांचं छोटं दुकान आहे. कसलं, ते कुणी विचारलं की ती थर्मामीटर झटकायला घ्यायची.

एके दिवशी तिच्या वॉर्डात एक आजी आली. बसथांब्याजवळ कोसळलेली, सत्तरीची. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती, उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. पिशवीत एक शाल, एक कंगवा आणि अर्धी बिस्किटं. नाव नाही, गाव नाही, फोन नाही. पाणी हवं का विचारलं तर आजी तोंड उघडायची आणि भलताच आवाज निघायचा, मग स्वतःच दचकून तोंड मिटायची. दोन आठवडे कुणी विचारायला आलं नाही.

आजीला एक खोड होती. डाव्या हातानं ती चादरीची कड चिमटीत धरायची, सोडायची, जरा पुढची कड धरायची. दिवसभर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भ्रम झालेले रुग्ण चादर अशी चिवडतात. त्यातच एकदा सलाईनची सुई निघाली. मग आजीच्या हाताला कापडी मोजा बांधला आणि झोपेचं औषध सुरू झालं. आजी गुंगीत राहू लागली, जेवण गेलं. पुढच्या सोमवारी तिला निराधारांच्या आश्रमात हलवायचं असं कागदावर ठरलं.

लेकीला मात्र ती चिमटी स्वस्थ बसू देईना. तिनं अशी चिमटी लहानपणापासून पाहिली होती. दुकानात आलेलं प्रत्येक माणूस माळ घेण्याआधी ती अशीच चाचपून बघायचं. संध्याकाळी जेवताना तिनं बापाला सांगितलं.

"बाबा, चिवडण्यात ठेका नसतो. या आजीच्या हाताला ठेका आहे."

"कुठल्या हातानं करते?"

"डाव्या."

काकांनी घास खाली ठेवला. "मग सोपं आहे. डाव्या हातात माळ धरणारे लोक वेगळे. भिक्खूंचं एक मंडळ माझ्याकडनं अशा माळा नेतं. एकशेआठ मणी, तर्जनीवर माळ, अंगठ्यानं आपल्याकडे ओढायची. उद्या घेऊन येतो."

"एकदा बघून तर घ्या."

"चाळीस वर्षं बघतोच आहे."

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला काका इस्त्रीचा सदरा घालून आले. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. लेकीनं मोजा सोडला. काकांनी माळ आजीच्या हातात दिली. आजीचे डोळे उघडले, अंगठा सरकू लागला. पण थोडे मणी गेले आणि अंगठा थांबला. आजी पुढं चाचपू लागली, मागं आली, पुन्हा पुढं गेली, जणू अंधारात पायरी शोधत होती. मग तिनं माळ सोडून दिली. माळ खाली पडली. आजीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"असू दे, काका," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही आलात हेच खूप."

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. माळ उचलून त्यांनी खिशात टाकली आणि ते जिना उतरले.

घरी त्यांनी ती माळ खिशातून काढून समोर ठेवली. लेकीनं चहा पुढ्यात ठेवला तेव्हा म्हणाले, "मी हात बघितला. बाई बघितलीच नाही."

"बाबा, तिचा उजवा हात लुळा आहे. डाव्याशिवाय तिच्याकडे दुसरा हातच नाही."

काकांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "म्हणजे ती उजव्या हाताची असू शकेल."

"शंभरातली नव्वद माणसं असतात."

"हे मला काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगू दिलंत कुठं? काल तुम्ही चाळीस वर्षं बघत होता."

काका चहाचा घोट घेऊन हसले. आपली चूक कुणी अशी तोंडावर काढलेली त्यांना खपत नसे. पण काढणारी आपल्याच तालमीत वाढलेली आहे हे त्यांना बरं वाटलं असावं.

सकाळी ते पुन्हा आले. या वेळी सदरा रोजचाच होता आणि हातात मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ होतं. सकाळचं झोपेचं औषध लेकीनं डॉक्टरीणबाईंना विचारून थांबवलं होतं. मोजा सोडायला मोठ्या सिस्टर तयार नव्हत्या.

"सुई निघाली तर जबाबदार कोण?"

"मी," लेक म्हणाली. "सलाईन मी पायाला लावून घेतलंय. आजीच्या हाताला काहीच नाही आता."

मोठ्या सिस्टर हुं म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

काका स्टुलावर बसले. आजीनं चादरीची कड धरली की ते दोऱ्यावर एक गाठ मारायचे. आजी थांबली की दोरा बोटभर रिकामा सोडायचे. दुसरं काही नाही. शेजारच्या खाटेवरची पायाचं हाड मोडलेली बाई पाच वेळा नमाज पढायची. खाटेवर बसूनच, मान लववून. तिनं आपली दुपारची प्रार्थना उरकली तरी काका तिथंच. खिडकीपाशी एक थोराड बाई दिवसभर ओठ न हलवता नाम घ्यायची. ती म्हणाली, "अहो, पाणी तरी प्या." काकांनी मान हलवून नको म्हटलं. मोजताना ते बोलत नसत.

दुपारी लेक हात धुऊन आली तेव्हा त्यांनी दोरा तिच्या हातात दिला. "डोळे मीट आणि बोटांनी वाच."

तिनं डोळे मिटले. गाठ, गाठ, गाठ. दहा. मग मोकळा दोरा. मग एकटी एक गाठ. पुन्हा मोकळा दोरा. पुन्हा दहा. असं ओळीनं पाच वेळा, आणि मग सगळं पहिल्यापासून. चादरीच्या बिनमण्यांच्या कडेवर, भान हरपल्याचा शेरा मिळालेल्या बाईनं कुठंही नऊ केले नव्हते की अकरा केले नव्हते.

"रोझरी," ती म्हणाली.

"रोझरी. काल ती दहानंतर मोठा मणी शोधत होती, आणि मी तिला सरळसोट एकशेआठ दिले होते. रडेल नाही तर काय."

काका दुकानात गेले ते चार वाजता परतले. त्यांनी केलेली रोझरी लेकीनं आधी कधी पाहिली नव्हती. एका हातानं माळ धरणाऱ्या माणसाला दुसऱ्या हाताचा आधार नसतो, म्हणून प्रत्येक मण्यामागं दुहेरी गाठ घालून त्यांनी अंतर वाढवलं होतं. सुटे पडणारे मोठे मणी खरबरीत लाकडाचे घेतले होते, बधिर बोटालाही कळतील असे. वर मनगटात अडकवायला मऊ फास होता, म्हणजे सुटली तरी पडायची नाही.

लेकीनं फास आजीच्या मनगटात घातला. आजीच्या बोटांनी माळेचं टोक शोधलं, तिथला छोटा लाकडी क्रूस चाचपला. तिनं डावा हात सावकाश कपाळाकडे नेला, छातीकडे आणला, एका खांद्याला लावला, मग दुसऱ्या. मग पहिला मोठा मणी चिमटीत धरला आणि ती बोलू लागली.

भलते आवाज नव्हते. शब्द होते. एकामागून एक, घोटलेले, कुठंही न अडखळणारे; एक प्रार्थना संपून दुसरी सुरू झाली, मणी सरकला, तीच पुन्हा सुरू झाली. आवाज बारीक होता, पण वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल इतका. मोडक्या पायाच्या बाईनं पदर डोक्यावरून सारखा केला. नाम घेणारी थोराड बाई खाटेवर उठून बसली. मोठ्या सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. आजीची भाषा वॉर्डातल्या कुणाला नीट कळत नव्हती, आणि ती काय करते आहे हे सगळ्यांना कळत होतं.

डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, दारातच थांबल्या आणि पाच ओळी संपेपर्यंत हलल्या नाहीत.

"जिला पाणी हा शब्द सापडत नाही," त्या हळूच लेकीला म्हणाल्या, "तिला हे सगळं सापडतंय. लहानपणी पाठ केलेलं मेंदू निराळ्या कोपऱ्यात ठेवतो, तो कोपरा वाचला असेल. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग त्यांनी आजीचा कागद मागवला, झोपेचं औषध खोडलं, आणि सोमवारी हलवायचं तेही खोडलं.

मोठ्या सिस्टरांनी त्याच संध्याकाळी जवळच्या चर्चमधल्या पाद्रीबाबांना आणलं. ते खुर्ची ओढून बसले आणि आजीबरोबर प्रार्थना म्हणू लागले. तिसऱ्या वेळी ते मध्येच थांबले. एका ओळीत आजी त्यांच्यापेक्षा वेगळा शब्द वापरत होती, आणि प्रत्येक वेळी तोच.

"हा शब्द इथला नाही," ते म्हणाले. "डोंगरापलीकडच्या चार-पाच गावांत जुने लोक असं म्हणतात. माझा एक मित्र तिकडे आहे. बघू या."

त्या मित्राच्या निरोपावरून दोन दिवसांनी आजीची धाकटी बहीण आली. आजी तिच्याकडेच यायला निघाली होती आणि चुकीच्या बसमध्ये बसली होती. बहीण तीन आठवडे भलत्याच गावांतून शोधत फिरत होती. ती दारातून आत आली तेव्हा आजीचा जप चालू होता. बहिणीनं हाक मारली नाही. खाटेवर बसून तिनं पुढची ओळ उचलली, आणि दोघींनी ती पुरी केली, आणि मगच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

महिन्याभरात आजीला पाणी म्हणता येऊ लागलं, बहिणीचं नावही. काठी घेऊन ती घरी गेली. जाताना तिनं काकांचा हात धरून बरंच काही सांगितलं. त्यातला एकही शब्द कुणाला लागला नाही. काकांनी सगळ्याला मान डोलावली.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. डॉक्टरीणबाईंनी काकांना शिकाऊ सिस्टरांपुढं बोलायला बोलावलं. साठ मुली, पांढऱ्या कपड्यांत, वह्या उघडून बसलेल्या. लेक मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिला वाटलं होतं, आता बाबा गाठींची फुशारकी मारणार.

काकांनी खिशातून आजीच्या खाटेशी मारलेला तो गाठींचा दोरा काढला आणि पहिल्या बाकावर दिला. "हा फिरवत न्या. बोटांनी बघा. हे मी ओवलेलं नाही, आजीनं ओवलंय. मी नुसतं लिहून घेतलं." मग म्हणाले, "आणि त्याआधी मी चुकलो होतो. चाळीस वर्षं हात बघत आलो, आणि तो हात डावा का आहे हे विचारलं नाही. ते माझ्या लेकीनं सांगितलं. ती मागं उभी आहे."

साठ माना वळल्या. लेकीला कुठं बघावं कळेना.

एका मुलीनं हात वर केला. "काका, तुम्ही स्वतः कुठली माळ जपता?"

तोच प्रश्न, लेकीला वाटलं, फक्त वेगळे कपडे घालून आलेला. पण या मुलीला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माळ नाही जपत," काका म्हणाले. "गाठ मारताना मी श्वास धरतो. ज्याच्यासाठी माळ आहे त्याचा चेहरा आठवतो, माहीत नसला तर मनात काढतो. मग गाठ ओढतो. दिवसाला तीनेकशे होतात. एवढंच येतं मला."

मुली लिहून घेत होत्या. डॉक्टरीणबाईही लिहून घेत होत्या. मोठ्या सिस्टर लेकीशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि कानाशी म्हणाल्या, "वडिलांचं दुकान म्हणालीस, तेव्हा मला वाटलं किराणा असेल."

"माळांचं आहे," लेक म्हणाली. "सगळ्यांच्या माळांचं. आजतागायत एक गाठ सुटलेली नाही त्यांची." तिचा आवाज जरा मोठाच निघाला. पुढच्या दोन मुलींनी वळून पाहिलं, आणि तिनं तो खाली आणला नाही.